काशीला सोडलेलं मटण

जायफळ ही गोडाची वस्तू आहे, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. पुरणात जायफळ, श्रीखंडात जायफळ, बासुंदीत जायफळ, आणि लहान मूल झोपत नसेल तर दुधात उगाळून चाटण. मसाल्यात नावापुरतं असेल तर असो, पण मटणाला चक्क जायफळाचा वास येतोय असं कोणी सांगितलं असतं, तर बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. खाण्याच्या बाबतीत आमचे बाबा फार उदार कधीच नव्हते.

इथे न्यूझीलंडला, मनुरेवात, आमच्या घराच्या डाव्या अंगाला लाकडी कुंपण आहे. त्याची एक फळी कित्येक वर्षांपासून निखळलेली आहे आणि ती बसवायचं आम्ही कुणी मनावर घेत नाही. कुंपणापलीकडे इबू राहते. इबू म्हणजे तिच्या भाषेत आई. तिकडे इंडोनेशियात कुठल्याही पोक्त बाईला इबूच म्हणतात. आईला आपण अहो-जाहो करत नाही, म्हणून मीही तिला अगं-तुगंच करते. अर्थात मनातल्या मनात, कारण तोंडानं आम्ही दोघी इंग्रजीच बोलतो. ती जाकार्ताची. नवरा गेल्यापासून एकटी असते. मुलगा हॅमिल्टन शहराच्या बाजूला एका गोदामात नोकरी करतो आणि जमेल तसा येतो. जमेल तसा म्हणजे किती, ते सगळ्या आयांना माहीत असतं.

ईदला इबू सेमूर करते. मांसाचे तुकडे, तळलेला कांदा, लवंगा, बटाटे, उकडलेली अंडी, आणि त्यात काकवीसारखा दाट, काळा, गोड सोया सॉस. वरून जायफळ किसून घालायचं, आणि तेही हात आखडता न घेता. मग मंद आचेवर इतका वेळ ठेवायचं की रस्सा भांड्याच्या कडेला चिकटायला लागतो. रंग आपल्या काळ्या मसाल्याच्या मटणासारखा, म्हणून पहिला घास आपण तिखटाच्या तयारीनं घेतो आणि जीभ फसते. गोड लागतं, मग खारट, मग कुठून तरी लवंग येते. पहिल्यांदा मला ते मुळीच आवडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उरलेलं गरम करून खाल्लं तेव्हा आवडलं. इबूचं म्हणणं, सेमूर दुसऱ्या दिवसासाठीच करतात, पहिल्या दिवशी खातात ते पाहुण्यांना धीर धरवत नाही म्हणून.

ओळख झाली त्या वर्षी तिनं आणलेला सेमूर गोमांसाचा होता. तिकडची रीतच ती. मी दारात डबा हातात घेऊन उभी आणि कसं सांगावं ते कळेना. शेवटी सांगितलं. वाटलं होतं तिला वाईट वाटेल. तिनं कपाळावर हात मारला, डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि तशीच परत गेली. पुढच्या वर्षीपासून तिच्या चुलीवर दोन भांडी चढायला लागली, मोठं मुलासाठी आणि लहान बकऱ्याच्या मटणाचं, आमच्यासाठी. डबा हिरवा, फुलाफुलांचा, तीन पुडांचा, आपल्याकडे पूर्वी मिळायचा तसा चिनीमातीचा मुलामा दिलेला. रिकामा परत पाठवायचा नाही हे मला कोणी शिकवायला नको होतं, आणि तिलाही नको होतं. त्यामुळे तो डबा इतकी वर्षं कुणा एकीचा म्हणून राहिलेलाच नाही. कधी चिवडा जातो, कधी केक येतो, आणि फिजोआच्या, म्हणजे इथल्या पेरूसारख्या एका फळाच्या, दिवसांत तर आम्ही एकमेकींना नुसता फिजोआच देत बसतो, कारण दोघींच्याही झाडाखाली सडा पडलेला असतो.

आता बाबांचं सांगते.

पुण्याला आमच्या घरी रविवार म्हणजे मटण. आणायचं काम बाबांचं. खाटकाच्या समोर उभं राहून, बोट दाखवून, थोडं सीन्याचं, थोडं मांडीचं, चाप नको, चरबी बेतानं. नळी मात्र हवीच. ‘नळी नसेल तर राहू दे, आज पिठलं खाऊ,’ असं ते त्याला दर रविवारी सुनवायचे आणि पिठलं कधीही खायचे नाहीत. रांधायची आई. वाढताना नळी बाबांच्या ताटात. ती त्यांचीच, त्यात भागीदारी नव्हती. मी एकुलती एक, लाडकी वगैरे सगळं खरं, पण नळी मला आयुष्यात मिळाली नाही. मागितलीही नाही म्हणा. ती वाजवायचे तेव्हाच खरी मजा. ताटावर धरून ठक, ठक, ठक. मगज सुटला की ‘आला,’ असं म्हणायचे, जणू काही कोण पाहुणाच आला. तो आवाज झाला की आमच्या घरात रविवार सुरू झाला असं मी धरायचे. मी न्यूझीलंडला शिकायला आले तेव्हा पहिल्या महिन्यात फोनवर त्या आवाजानंच मला रडवलं होतं. आई बोलत होती, आणि मागून ठक, ठक.

आई गेली आणि बाबा तिच्या अस्थी घेऊन काशीला गेले. काशीला गेलं की आवडीची एखादी वस्तू सोडून यायची असते. एकदा सोडली की जन्मभर तोंडात घालायची नाही. आपले लोक या बाबतीत फार हुशार. आमच्या नात्यात काशी करून आलेली जेवढी माणसं आहेत, तेवढ्या सगळ्यांनी कारलं सोडलेलं आहे. एका काकूंनी तर कारलं आधीच सोडलेलं होतं म्हणून दुसऱ्या खेपेला पडवळ सोडलं. बाबा त्यांना खूप हसायचे. म्हणायचे, ‘देवाला काय जीभ नाही का? कारलं कोणाला आवडतं?’ आता खरं सांगायचं तर कारलं मला आवडतं. आई आणि मी, आम्ही दोघी चिंचगुळाचं कारलं करून दुपारी गुपचूप खायचो, बाबा कारखान्यात गेल्यावर. त्यांना वास सुद्धा सहन व्हायचा नाही, म्हणून ते घरात शिजतं याचा त्यांना पत्ताच नव्हता.

तर बाबांनी काशीला मटण सोडलं. अर्धंमुर्धं नाही. मटण, रस्सा, कलेजी, सगळं. चुलतभाऊ सोबत गेला होता, त्यानं घाटावर समजावून पाहिलं की काका, कारलं म्हणा. बाबा त्याच्यावर इतके भडकले म्हणे की गुरुजी मध्ये पडले. ‘चाळीस वर्षं तिनं मला रांधून घातलं. तिच्या नावानं कारलं सोडू?’

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी मी त्यांना इकडे आणलं. व्हिजिटर व्हिसावर, सहा महिन्यांसाठी. विमानतळावर ते दारातून बाहेर आले आणि मी एक क्षण त्यांना ओळखलं नाही. शर्टाची कॉलर गळ्यापासून लांब उभी होती. घरी आल्यावर कळलं की ते जेवतात म्हणजे दहीभात खातात, दोन्ही वेळा, आणि तोही कुणीतरी समोर बसलं तर. मी भाज्या करून थकले. नवऱ्यानं मासे आणले. मासे सोडलेले नव्हते, पण बाबा म्हणाले, ‘कशाला उगीच.’ माझी मुलगी इथलीच. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. ती त्यांच्या समोर ताट ठेवून म्हणायची, ‘आजोबा, यू हॅव टू ईट.’ ते म्हणायचे, ‘खाल्लं की गं.’ ती म्हणायची, ‘दॅट्स नॉट ईटिंग, दॅट्स लाइक, अ स्नॅक.’

मला एकच हवं होतं. त्यांनी खावं, त्यांच्या अंगावर थोडं मांस चढावं आणि त्यांनी इथेच राहावं. कागदपत्रांचं पुढे बघून घेता आलं असतं. पुण्याच्या त्या दोन खोल्यांत ते एकटे दहीभात कालवताहेत, हे चित्र मला ऑफिसात काम करताना, मोटरवेवर, कुठेही दिसायचं. मी त्यांना विचारलं की राहता का. ते म्हणाले, ‘इथे मी काय करू?’ तिथे तरी ते काय करणार होते?

ईद त्या वर्षी शनिवारी आली. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि बाबा पायरीवर बसून फिजोआला नावं ठेवत होते. ‘पेरूच्या जातीचं म्हणतेस, पण दात घासल्यासारखं लागतं.’ मग एकदम मान वर करून हवा हुंगायला लागले.

‘आज काय आहे?’

‘कुठे काय, शनिवार.’

‘सण काय आहे? कोणीतरी पुरण घातलंय.’

मला हसू आलं. ‘बाबा, मनुरेवात कोण पुरण घालतंय?’

‘जायफळाचा वास मला शिकवू नकोस. गूळ आणि जायफळ. तिकडून येतोय.’ त्यांनी कुंपणाकडे बोट केलं.

‘ती इबू आहे, शेजारची. तिची ईद आहे. ती एक कालवण करते, त्यात...’ एवढं म्हणेपर्यंत माझ्या हातातली ओली चादर वाऱ्यानं उडाली आणि माझ्याच तोंडावर येऊन बसली. ती बाजूला करून पाहते तर पायरीवर कोणी नाही. चपला सुद्धा गेलेल्या. निखळलेल्या फळीतून बाबा पलीकडे.

मी लगेच मागे गेले नाही. वाटलं, जातील, भांड्यात मटण बघतील, हात जोडून परत येतील. पंक्तीला बसून नको म्हणण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. शिवाय गेले कित्येक आठवडे त्यांनी स्वतःहून घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पुरणाच्या वासावर का होईना, माणूस उठला तरी. मी उरलेले कपडे चिमट्यात अडकवत राहिले. मुलीचे पोहायचे टॉग्ज, नवऱ्याचे मोजे.

आणि कुंपणापलीकडून आवाज आला. ठक. ठक, ठक.

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. तो आवाज दुसऱ्या कशाचा असणं शक्यच नव्हतं. मी धावले. फळीच्या खिळ्यात माझा कुर्ता अडकला, तो फाडूनच बाहेर आले.

इबूच्या स्वयंपाकघरात टेबल मांडलेलं होतं. भाताचा ढीग, काकडी, पापड, सेमूरचं मोठं भांडं, सगळं झाकून ठेवलेलं, बकऱ्याचं लहान भांडं तेवढं उघडं. एका खुर्चीसमोर ताट होतं आणि त्या खुर्चीवर बाबा बसले होते, बाह्या वर करून. इबू पळी हातात घेऊन उभी. नवी ओढणी, कानांत मोत्याच्या कुड्या, डोळे सुजलेले. बाबांच्या मिशीला काळा रस्सा लागला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते ताटाकडे पाहत होते.

‘माय सन,’ इबू मला म्हणाली, ‘नो कम टुडे. समबडी सिक, ही डू द शिफ्ट.’ मग बाबांच्या ताटात आणखी एक बटाटा घातला. ‘बापाक ईट व्हेरी वेल.’ बापाक म्हणजे वडील. कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला तसं म्हणतात.

मी तोंड उघडलं. मराठीत बोलले असते तर तिला काही कळलं नसतं, ‘बाबा, ते मटण आहे’ एवढंच म्हणायचं होतं. पण काय म्हणायचं? त्यांनी आत्ताच नळी वाजवलेली मी ऐकली होती. बटाट्यासाठी कोणी नळी वाजवत नाही. मी तिथेच शेजारी बसले आणि इबूनं माझ्यासमोरही ताट ठेवलं. बाबांनी ताट स्वच्छ केलं. मग रश्शासाठी पुन्हा भात घेतला. माझ्या बाबांना पुन्हा भात घेताना मी किती दिवसांनी पाहत होते, आणि आनंद करावा की त्यांच्यासाठी रडावं हे मला समजत नव्हतं.

परत येताना ते फळीपाशी थांबले. एक हात कुंपणावर ठेवून उभे राहिले.

‘मोडलं,’ ते म्हणाले.

‘चुकून झालं हो बाबा. जायफळामुळे झालं. चुकून झालेल्याचं काही नसतं.’

‘चुकून कुठलं? पहिला घास चुकून. बाकीचं ताट मुद्दाम.’

आम्ही पायरीवर येऊन बसलो. कपडे वाळत होते. बाबांशी अशा वेळी बोलायचं नसतं, हे आईनं मला शिकवलं होतं.

‘ती बाई मला म्हणाली, मुलगा आला नाही,’ बाबा म्हणाले. ‘खुणेनंच. ताट मांडलेलं होतं, त्याच्यासमोर कोणी नव्हतं. ती पळी घेऊन उभी. मी भांड्यात बघितलं आणि लगेच ओळखलं, मला काय डोळे नाहीत? नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तिनं वाढलं. वाढलेल्या ताटाला पाठ कशी दाखवायची?’

‘बरोबर केलंत.’

‘ते ठीक आहे. पण मग नळी आली.’ ते थांबले. ‘नळी आली तेव्हा मला कोणाची भीड नव्हती. नळी मी माझ्यासाठी वाजवली.’

आणि बाबा रडायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. अंत्यविधीला नाही, फोनवर नाही. आता ते पायरीवर बसून, मिशीला लागलेल्या रश्शासकट, लहान मुलासारखे हुंदके देत होते, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. पाठीची हाडं हाताला लागत होती.

‘मला वाटलं, मी सोडलं की ते कुठंतरी तिच्या नावावर जमा होईल,’ ते म्हणाले. ‘काही जमा होत नाही गं. नुसतं आपलं ताट रिकामं राहतं. आणि रविवार येतो तो येतोच.’

मग नाक पुसून, एकदम पूर्वीच्या आवाजात म्हणाले, ‘तू माझ्या वेळी हा शहाणपणा करू नकोस. कारलं सोड.’

‘बाबा, काहीतरीच काय बोलताय.’

‘काहीतरीच नाही. लोक उगीच कारलं सोडत नाहीत, ते शहाणे असतात. मीच गाढव. तू कारलं सोडायचंस. कबूल कर.’

मी कबूल केलं. मला कारलं आवडतं हे सांगायची ती वेळ नव्हती.

त्यानंतरचे आमचे रविवार मी विसरणार नाही. बाबा सकाळी तयार होऊन बसायचे. आम्ही दोघं मनुरेवातल्या हलाल खाटकाकडे जायचो. तिथे मटण करवतीवर कापून मिळतं, बोट दाखवायची सोय नाही. त्यावर बाबा दर वेळी माझ्यामार्फत भांडायचे. ‘त्याला सांग, हाडाचा भुगा होतो. त्याला सांग, नळी मधोमध कापू नको, टोकाला काप.’ खाटीक फिजीचा, हिंदी बोलणारा, तो शेवटी बाबांना थेट आत बोलवायला लागला. मग मटण घेऊन इबूकडे. ती दोघं स्वयंपाकघरात तासन्‌तास असायची आणि काय बोलायची देव जाणे. बाबांचं इंग्रजी यस-नोपुरतं, आणि तिचं त्याहून जरा बरं. पण कांदा किती लाल करायचा यावर त्यांचा वाद चाललेला मला कुंपणाअलीकडून ऐकू यायचा, आपापल्या भाषेत. जायफळ किसायचं काम बाबांचं. तिनंच त्यांना सांगितलं की जायफळ मुळात त्यांच्या बेटांवरचं. बाबांना ते पटायला वेळ लागला. मग मला म्हणाले, ‘म्हणजे आपली पुरणपोळी यांच्या उसनवारीवर चालते की.’

जेवायला आम्ही सगळे तिकडेच. टेबलावर जागा पुरत नसे, म्हणून मुलगी आधी बाहेर खेळायची. ठक, ठक, ठक ऐकू आलं की धावत फळीतून आत यायची, कारण बाबा मगजाचा पहिला तुकडा तिच्या भाताच्या कडेला झटकायचे. मला जे कधी दिलं नाही ते तिला दर रविवारी. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, ‘तू मागितलंस कधी?’

त्यांची कॉलर पुन्हा गळ्याला लागली. चेहऱ्यावर रंग आला. मी मनातल्या मनात मांडे खायला लागले. खोली त्यांची, खिडकीत टेबल, व्हिसाचं नवऱ्याशी बोलूनही झालं. आणि एक दिवस बाबा म्हणाले, ‘आता मी जातो. आता मला तिथं जमेल. रांधायला आलं की.’

मला राग आला. खरंच राग आला. ते खात नव्हते तेव्हा मी त्यांना धरून ठेवू शकत होते, आणि ते खायला लागले तेव्हा माझ्या हातात काही राहिलं नाही. मी एक दिवस त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची बॅग भरायला बसले. इबूनं तीन बाटल्या काळ्या सॉसच्या दिल्या होत्या, त्या मी टॉवेलात गुंडाळल्या. मुलीनं स्वतःच्या पैशांनी डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, घेतलेलं चॉकलेट वर ठेवलं. विमानतळावर बाबांनी तिला विचारलं, ‘पुण्याला येशील ना?’ ती म्हणाली, ‘स्वीट ॲज, आजोबा,’ म्हणजे इथल्या बोलीत नक्की, आणि मग त्यांच्या पोटात तोंड खुपसून बराच वेळ उभी राहिली.

पुण्यात ते रविवारी सेमूर करायचे. व्हिडिओवर भांडं दाखवायचे. नातेवाइकांनी नावं ठेवली की काशीला सोडलेलं कसं खाता. बाबा सांगायचे, ‘मटण सोडलंय. हे सेमूर आहे. काशीच्या गुरुजींना सेमूर माहीत नाही.’ मला वाटायचं, बोलतात ते थट्टेत, पण मध्येच एखादा रविवार ते फोन घेत नसत, आणि मग सोमवारी सांगत की काल दहीभात खाल्ला, तिची आठवण फार आली. त्यांचं तसंच चाललं होतं. कधी सेमूर, कधी दहीभात. मला इकडे बसून दोन्हीची सवय झाली.

मग एका सकाळी ते उठले नाहीत. शेजाऱ्यांनी दार तोडलं. माझं विमान उतरेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. तिथे काळ्या सॉसची एक बाटली होती, अर्धी, आणि तिच्याशेजारी छोटी किसणी, आणि अर्धवट किसलेलं जायफळ. मी जायफळाचा वास घेतला आणि खाली बसले. मला पुरणपोळी आठवली नाही. मला ती पायरी आठवली, आणि हाताला लागणारी पाठीची हाडं.

अस्थी घेऊन काशीला मीच गेले. चुलतभाऊ सोबत होता, दुसऱ्यांदा. घाटावर सगळं झाल्यावर गुरुजी म्हणाले, ‘आवडीची एक वस्तू सोडा.’

काय सोडावं असं माझ्या मनात येऊन गेलं, ते लपवत नाही. सेमूर माझ्या अगदी ओठांवर आला होता. त्यांच्या नावानं त्यांचंच काहीतरी सोडावं, असं वाटत होतं. बाबांनाही तेव्हा नेमकं हेच वाटलं असणार.

‘कारलं,’ मी म्हणाले.

गुरुजींनी मानही वर केली नाही. त्यांना दिवसभर सगळे तेच सांगत असतील. चुलतभाऊ लहानपणी सुट्टीत आमच्याकडे राहायचा, तेव्हा दुपारच्या त्या चिंचगुळाच्या कारल्यात त्याचाही वाटा असायचा. तो म्हणाला, ‘अगं, पण तुला तर...’ मी त्याचा दंड दाबला.

मनुरेवाला परत आले तो रविवार होता. बाजारात एका फिजीच्या भाजीवाल्याच्या गाडीवर ताजी कारली मांडली होती, कोवळी, फिकट हिरवी. मी थांबले आणि पुढे गेले. आईबरोबरच्या त्या दुपारी आता मला परत मिळणार नव्हत्या. बाबांनी मला वाचवायला म्हणून जे सुचवलं, त्यानं नेमकं माझंच गेलं, आणि हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला असता.

दुपारी इबूनं फळीतून हाक मारली. ईद नव्हती, तरी तिनं सेमूर केला होता, एकच भांडं, लहान, बकऱ्याचं. तिनं मला खुर्चीवर बसवलं, त्याच खुर्चीवर, आणि पळी घेऊन उभी राहिली. भात वाढला, बटाटा वाढला. मग भांड्यात तळापर्यंत पळी घालून तिनं नळी शोधली आणि माझ्या ताटात ठेवली.

मी ती हातात घेतली. कशी धरायची तेही मला नीट माहीत नव्हतं. ताटावर आपटली. काही निघालं नाही.

‘मोर स्ट्राँग,’ इबू म्हणाली.

मी जोरात आपटली. ठक. ठक, ठक.

बाहेर फळी करकरली. धावती पावलं पायऱ्या चढून आली आणि माझी मुलगी दारात उभी राहिली, धापा टाकत, हसऱ्या चेहऱ्यानं. तिनं खुर्चीकडे पाहिलं.

‘ओह,’ ती म्हणाली. ‘इट्स यू.’

मी तिला शेजारी बसवलं आणि मगजाचा पहिला तुकडा तिच्या भाताच्या कडेला झटकला.